माशांना दिलेला मामाचा आजार

मामाला पार्किन्सन्स झालाय असं डॉक्टरांनी सांगितलं, त्याच्या दोन वर्षं आधीपासून मी पार्ल्याच्या एका प्रयोगशाळेत तोच आजार माशांना देत होते. झेब्राफिशची पाच दिवसांची पिल्लं, पापणीच्या केसाएवढी, काचेसारखी आरपार. पाण्यात एक रसायन घातलं की मेंदूतल्या ठरावीक पेशी मरतात आणि पिल्लांचं पोहणं मंदावतं. मग त्यांच्यावर औषधं करून बघायची.

घाटकोपरला मामाकडे हे बोलून गेले. त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"म्हणजे तू माशांक माझो रोग दिलंस?"

"तुझा नाही रे. तसाच."

"माका बघूचे आसत."

गिरणी बंद पडल्यावर लिफ्ट दुरुस्त करण्यात आयुष्य घालवलेला माणूस. यंत्र उघडून बघितल्याशिवाय त्याचं समाधान होत नाही. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमची परवानगी काढून मी त्याला घेऊन गेले.

प्लेटच्या एकेका खळग्यात एकेक पिल्लू, वर कॅमेरा, बाजूला पडदा. पिल्लं निपचित पडलेली. मामा बराच वेळ बघत राहिला.

"हेंच्यात काटो तरी आसता काय?" एवढं विचारून त्याने हात टेबलावर टेकला. हात थरथरत होता, टेबल थरथरलं आणि सगळी पिल्लं एकदम उसळली.

"धावतत गो सगळे! बरे झाले!"

हात उचलला, पिल्लं थांबली. टेकला, उसळली. चार वेळा झाल्यावर माझ्या लक्षात आलं की रेकॉर्डिंग चालू आहे.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी आलेख पुढे सरकवला. "अकरा वीसला सगळे आजारी मासे बरे झालेत. चार वेळा. हे काय?"

"मामा, मॅडम."

त्या हसल्या नाहीत. वहीत नोंद करायला लावली. मी लिहिलं, 'टेबलाला पाहुण्याच्या हाताचा धक्का.' त्यांनी 'धक्का' खोडून 'कंप' लिहिलं आणि अख्ख्या दिवसाची निरीक्षणं बाद केली.

मामा रोज फोन करून माशांची चौकशी करायचा. प्रयोग संपला की पिल्लांना भुलीचं औषध जास्त देऊन मारावं लागतं. खोटं बोलणं जमेना. "गेली रे मामा," म्हटलं. त्याने फोन ठेवला.

मग मामीचा आला. "ह्यांनी सुतक धरलंय! तुझ्या त्या किड्यांचं! ताजे बांगडे आणलेत नि हे वरणभात मागतायत. आता काय करू, सांग तूच!"

चौथ्या दिवशी घाबरतच घाटकोपरला गेले, तर मामा बांगड्याचं तिखलं नि भात घेऊन जेवायला बसलेला.

"सुटलं सुतक?"

"लांबचे भावकीतले ते," तो म्हणाला. "तीन दिवस पुरे."

त्याच्या बोटांना काटे सापडत नव्हते. मामी शेजारी बसून एकेक काढून देत होती, आणि माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती.