रंगुबाईची सावड

रंगुबाईचं नशीब उजळलं, असं सगळं गाव म्हणत होतं. नागापूरच्या एमआयडीसीत तिच्या मुलाच्या, सुनीलच्या वर्कशॉपला बरकत आली आणि पत्र्याच्या घराच्या जागी दुमजली बंगला उभा राहिला. मोठं गेट, गेटवर कॅमेरा, आत पांढरीशुभ्र फरशी. स्वतःच्याच घरात चप्पल कुठं काढावी हे रंगुबाईला कळेना. पण तिचं खरं दुःख वेगळंच होतं. दारात आताशा एकही शेजारीण फिरकत नव्हती.

चूक सुनीलचीच. मागल्या उन्हाळ्यात बाया कुरडया करायला आल्या होत्या. आज तुझ्या घरच्या, उद्या माझ्या, अशी ही सावड रंगुबाई लग्न होऊन आली तेव्हापासूनची. या पठ्ठ्यानं मात्र, भल्या मनानं का होईना, निघताना एकेकीच्या हातात मजुरीचं पाकीट ठेवलं. बायांनी पाकिटं न उघडताच कट्ट्यावर ठेवली आणि गेल्या त्या गेल्याच. एवढा शिकलेला पोरगा, त्याला एवढंही कळू नये!

यंदा गल्लीत चिकाचा वास सुटला, तरी रंगुबाईला कुणी हाक मारली नाही. एक शब्द टाकला असता तर सुनीलनं बाजारातून पोतंभर कुरडया आणल्या असत्या. पण तिला कुरडया नकोच होत्या, बाया हव्या होत्या.

एका सकाळी तिनं पदर खोचला आणि बोलावणं नसताना शेजारच्या बनुबाईच्या अंगणात जाऊन उभी राहिली. चुलीवर गव्हाचा चीक रटरटत होता.

“आता आमी काय द्यायचं तुमाला, मालकीनबाई?” बनुबाईनं वर न बघता टोमणा मारला.

रंगुबाईचे डोळे भरून आले. “पोरगं चुकलं माजं. मी तवाच बोलले न्हाई, मीबी चुकले. आता दांडा दे इकडं, गुठळ्या व्हायला लागल्यात बग!”

बनुबाईनं दांडा तिच्या हातात दिला. मग रंगुबाईनं गल्लीतलं एकही घर सोडलं नाही.

“आई, लोकांच्या घरी राबतेस, बरं दिसतं का?” सुनील कुरकुरला.

“लई बरं दिसतंय,” ती म्हणाली.

शेवटी तिची पाळी आली. गेट पहाटेच सताड उघडून ती वाट बघत बसली. येतील का? आल्या! सोऱ्या, पाट्या, जुनी लुगडी घेऊन सगळ्याजणी चपलांसकट आत शिरल्या. फरशीवर चिकाचे ओघळ, गच्चीभर कुरडया आणि हसण्याचा नुसता दंगा. रंगुबाई मधोमध ऐटीत बसली होती, तेवढ्यात बनुबाई खेकसली, “ए रंगे, बसलीस काय नुसती? पानी आन की!”

बंगला झाल्यापासून तिला कुणी असं काम सांगितलं नव्हतं. रंगुबाई हसत हसत उठली आणि कळशी घ्यायला धावली.