घरी गरीब

जठारपेठेतले काका स्वतःच्या हाताने गिटारचे ॲम्प बनवतात. दुकान खोलीएवढं, आणि वरच्या मजल्यावरची बाई लगेच ओरडते. म्हणून आवाज अगदी बारीक ठेवून, ॲम्पच्या जाळीला कान टेकवून ते तो तपासतात. तेवढ्या वेळापुरतेच काय ते काका गप्प.

अमरावतीला अशाच ॲम्पवाल्यांचं प्रदर्शन भरलं, तर काका स्वतःच्या टेबलावर थांबेचनात; तिथे मीच बसलो होतो. दुसऱ्यांचे ॲम्प ऐकत, "वा रे पठ्ठ्या!" म्हणत पाठी थोपटत फिरत होते. तेवढ्यात एका मुलीने काकांच्याच ॲम्पचा आवाज पूर्ण वाढवून गिटार छेडली. हॉल दणाणला. काका गर्दीतून धावत आले.

"कोनाचा हाय हा? मले पाहू द्या!"

"काका, तुमचाच," मी म्हणालो.

त्यांनी वाकून नीट पाहिलं. मग ॲम्पला चापट मारून म्हणाले, "घरी तं लय गरिबावानी राह्यते लेकाचा!"