कॉलेजच्या वाट्याचे तास

नगर जिल्ह्यातल्या कर्जतच्या एका कॉलेजात संशोधन सहायक म्हणून लागली तेव्हा रोहिणीला वाटलं होतं, आता निदान एकच काम करायचं. समाजकार्याची पदवी घेऊनही तिनं शिकवण्या घेतल्या होत्या, पतसंस्थेत बसली होती, नवऱ्याच्या मोबाईलच्या दुकानात रिचार्ज मारले होते. प्रकल्प ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या रक्तक्षयावरचा होता. रोहिणी मूळची पाथर्डीकडची. तिची आई पूर्वी टोळीबरोबर जायची, त्यामुळे कोप्यांमध्ये, म्हणजे तोडकऱ्यांच्या पाचटाच्या झोपड्यांमध्ये, जायचं म्हटल्यावर तिला वेगळं काही शिकावं लागलं नाही.

अनुदान दिल्लीच्या एका संस्थेचं होतं आणि अट साधी होती. रोहिणीचा अर्धा पगार दिल्ली देणार, उरलेला अर्धा कॉलेजनं आपला हिस्सा म्हणून घालायचा. तिचा सगळा वेळ मात्र प्रकल्पाचा. कुठल्या दिवशी किती तास कशाला गेले याची टाइमशीट महिनाअखेर भरायची आणि तिच्यावर प्रकल्पप्रमुख आबासाहेब सरांनी सही करायची.

कॉलेजनं हिस्सा घातला. पण पगार आपण देतो तर माणूसही आपला, असं ऑफिसचं म्हणणं पडलं. आधी नॅकच्या मूल्यांकनाच्या फायली लावायला तिला बोलावलं, मग शिष्यवृत्तीचे अर्ज तपासायला. दिवाळीनंतर सत्र परीक्षा सुरू झाल्या आणि रोज सकाळी वर्गावर सुपरव्हिजन आलं. प्रकल्पाचं काम ती संध्याकाळी करायची. बायका तोडीवरून आलेल्या असायच्या, चुली पेटलेल्या असायच्या, आणि स्कूटी लावून रोहिणी त्यांच्यात जाऊन बसायची. रविवारही तिकडेच जायचा. टाइमशीटवर सकाळच्या तासांपुढे ती 'कोप्यांना भेट' असं लिहायची. तसंच लिहायचं, हे तिला पहिल्याच महिन्यात ऑफिसमधून सांगितलं होतं.

हनुमंत, तिचा नवरा, एकदा जेवताना म्हणाला, "दोघांचं काम करतीस आणि पगार एकाचा घेतीस."

"एकाचा तरी मिळतोय," ती म्हणाली.

कोप्यांमध्ये छबूबाई नावाची एक बाई होती. चाळिशीची असेल, दिसायला पन्नाशीची. रोहिणी आपल्याकडची आहे हे कळल्यापासून ती तिला चहा पाजल्याशिवाय सोडत नसे. तिचं रक्त तपासायला दिलं होतं, आणि तीन दिवसांनी सकाळी रिपोर्ट घेऊन येते, असं रोहिणीनं तिला सांगितलं होतं. रिपोर्ट आला तेव्हा लॅबवाल्यानं स्वतः फोन केला. हिमोग्लोबिन इतकं खाली होतं, की ही बाई मोळ्या कशी उचलते याचंच त्याला नवल वाटत होतं. ग्रामीण रुग्णालयातले डॉक्टर म्हणाले, तिला लगेच घेऊन या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोहिणी कॉलेजातून कोप्यांकडे निघाली तर दोन सुपरव्हायझर आलेच नव्हते. तिला वर्गावर बसवलं.

"मला आज कोप्यांवर जायलाच पाहिजे," तिनं परीक्षा विभागात सांगितलं. "एका बाईचा रिपोर्ट आलाय, वाईट आहे."

"उद्या जा ना मॅडम. पेपर काय उद्यावर ढकलता येतो का?"

तिनं टोळीच्या मुकादमाला, बिभीषणला, फोन लावला. तो बंद होता. संध्याकाळी जावं म्हटलं तर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधता बांधता अंधार पडला. त्यानंतरचा दिवसही तसाच गेला. तिसऱ्या दिवशी ती पोचली तेव्हा कोप्या नव्हत्या. चुलींचे काळे दगड होते, पाचट पसरलेलं होतं. शेतमालक बांधावर उभा होता. तो म्हणाला, "ह्या पट्ट्यातला ऊस सपला. टोळी राहात्याकडं गेली परवा सकाळीच."

परवा सकाळी रोहिणी वर्गात मुलांच्या बैठक क्रमांकांवर टिकमार्क करत होती.

महिनाअखेर ती टाइमशीट घेऊन आबासाहेबांच्या केबिनमध्ये गेली. सरांची निवृत्ती जवळ आली होती. गुडघ्यांमुळे ते कुठं फारसे जात नसत. तिनं सगळे तास जसे गेले तसे लिहिले होते. परीक्षा, गठ्ठे, फायली.

सरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

"असं लिहिलं तर हे तास प्रकल्पात धरत नाहीत, मग कॉलेजचा हिस्सा कमी पडतो, रोहिणी."

"हो सर."

"तो कमी पडला की दिल्लीवाले विचारतात. मग मॅनेजमेंट म्हणतं, आम्हाला हा प्रकल्पच नको. पगार तुमचा जाईल, माझा नाही."

"माहिती आहे, सर. जाऊ दे, असं म्हणवत नाही मला. पण त्या दिवशी मी छबूबाईंकडे गेले होते, असं आता लिहवत नाही."

सर म्हणाले, "कॉलेजच्या हिश्श्यात माझेही तास लावलेत. दिवाळीपासून मी कुठं गेलोय कोप्यांवर?" त्यांनी तिच्या कागदावर सही केली. स्वतःची टाइमशीट मात्र कोरीच ठेवून ड्रॉवरमध्ये टाकली.

पुढच्या आठवड्यात दिल्लीहून मोनिका नावाच्या हिशेबनीस बाईंचा फोन आला. बोलायला चांगल्या होत्या. परीक्षेचे तास प्रकल्पात धरता येणार नाहीत, तेवढा पगार कॉलेजनं वेगळा भरून काढावा, असं त्यांनी सांगितलं. कॉलेजनं तो भरला नाही, उलट पुढचा हिस्साही थांबवला. मोनिकाबाईंनी खटपट करून दिल्लीचा अर्धा पगार मार्चपर्यंत चालू ठेवला. रोहिणीला परीक्षेला बोलावणं बंद झालं. स्टाफरूममध्ये लोक तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलू लागले.

रोज लावून पाहिलेला बिभीषणचा फोन अखेर लागला. रोहिणी एसटीनं नगरला गेली, तिथून गाडी बदलून राहात्याला. कोप्या शोधता शोधता ऊन डोक्यावर आलं. छबूबाई कोपीच्या सावलीला पडून होती. ओठ पांढरे झाले होते. नवरा एकटाच तोडीवर गेला होता.

"तू त्या दिशी येनार हुतीस," छबूबाई म्हणाली. रागानं नाही, नुसतं आठवून.

"व्हय मावशी. परीक्षेला बसवलं मला."

"अजून परीक्षा देतीस?"

"न्हाई. दुसऱ्यांची हुती."

"मग तुला कशापायी बसावलं?"

रोहिणी छबूबाईचं बोचकं बांधायला लागली.

बिभीषण आधी कुरकुरला. कोयता, म्हणजे नवराबायकोची जोडी, बंद पडला की आगाऊ घेतलेली उचल फिटायची कशी, असं त्याचं म्हणणं. पण छबूबाई उभी राहिली आणि तिथंच खाली बसली, तेव्हा त्यानंच टेम्पो बोलावला. सरकारी दवाखान्यात तिला रक्ताच्या बाटल्या लावल्या. रोहिणी दोन दिवस तिच्याजवळ राहिली. चौथ्या दिवशी छबूबाई कोपीवर परतली, आणि त्या आठवड्यातच पुन्हा मोळ्या बांधायला गेली. डॉक्टरांनी महिनाभर नको म्हटलं होतं.

मार्चमध्ये प्रकल्प संपला. अहवाल गेला. आबासाहेब निवृत्त झाले आणि रोहिणी पुन्हा दुकानात बसू लागली.

मे महिन्यात एका दुपारी छबूबाईचा गावाहून फोन आला. लोहाच्या गोळ्यांनी पोटात कळ येते, म्हणून तिनं त्या टाकून दिल्या होत्या.

"उपाशीपोटी घेत हुता का?" रोहिणीनं विचारलं.

"च्यासंगं घेत हुते."

"चहासंगं न्हाई घ्यायची, मावशी. जेवल्यावर घ्या, वरनं लिंबूपानी प्या."

काउंटरवर गिऱ्हाईक उभं होतं. रोहिणीनं त्याला हातानंच थांबायला सांगितलं, आणि गोळ्या परत कुठून घ्यायच्या ते सावकाश, दोनदा सांगितलं.