एका पगाराच्या तीन पावत्या

पंपावर पेट्रोल भरून झालं तरी बंडाआण्णा गाडी पुढं घेत नसत. मागं रांग हॉर्न वाजवत असायची आणि आण्णांचं व्याख्यान चालू असायचं. "कमावलं की सरकार कापून घेतंय. उरल्याल्याचं पेट्रोल घ्यावं, तर त्यात बी कर. हायवेला लागलं की टोल. अरं, एकच ऊस किती येळा चरकात घालणार? चिपाड झालंय की माझं!" हे बोलताना ते शर्टाची सुटलेली बटणं पोटावर ओढून लावत असायचे. पंपावरचा माणूस म्हणायचा, "आण्णा, चिपाड जरा बाजूला घ्या की."

मी परभणीकडचा, सातवीत शाळा सोडलेला. कर म्हणजे काय, हे मला आण्णांच्या शिव्यांतूनच कळलं. ते स्वतः तो कुठं भरत, हे मात्र कळलं नाही; आम्हा कामगारांचा पगार ते रोख वाटत.

कामाच्या शोधात पहिल्यांदा आलो तेव्हा कोल्हापूरच्या स्टँडवर मी पिशवी छातीशी धरून उभा होतो. भीतीनं कुणाला काही विचारत नव्हतो. आण्णांनीच विचारलं, "कुठलं पावणं? जेवलासा काय?" त्या दिवशी त्यांच्या घरी तांबडा रस्सा खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढत. दुसऱ्या दिवशी कागलच्या एमआयडीसीत, एका फौंड्रीत त्यांच्या ठेक्यावर कामाला लागलो. खोलीही त्यांचीच, अनामत न घेता. हे उपकार मी विसरलो नाही. आण्णांनी विसरूही दिले नाहीत.

आण्णा गल्लीतल्या तालीम मंडळाचे अध्यक्ष. गणपती जवळ आले की पगाराच्या दिवशी फौंड्रीच्या गेटवरच वर्गणीची पावती फाडायचे. संध्याकाळी तेच पावतीपुस्तक घेऊन खोलीच्या दारात: "ती कामगाराची झाली. ही भाडेकरूची." दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींच्या, म्हणजे त्यांच्याच बायकोच्या, चहाच्या गाड्यावर पुन्हा: "आता गिऱ्हाइकाची."

त्या वर्षी गावाकडं आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. पैसे आठवड्यात पाठवायचे होते आणि ते माझ्या खिशातून आण्णांच्या पुस्तकात चालले होते. चहाच्या गाड्यावर माझ्या तोंडून निघून गेलं, "आण्णा, पगार तर एकच आहे."

वहिनींनी उगाचच स्टोव्ह मोठा केला. खोली गेली, काम गेलं, असं मी मनाशी धरलंच.

"म्हंजे मी सरकार हाय व्हय रं?" आण्णा म्हणाले. "सरकार घेतंय ती लूट. ह्यो देवाचा भाग हाय!" मग माझा चेहरा बघून आवाज उतरला. "अडचण काय हाय तुझी?"

मी आईचं सांगितलं. आण्णांनी पावती मात्र फाडलीच.

दोन दिवसांनी गणपती बसले, तेव्हा आरतीनंतर त्यांनी माइकवरून माझं नाव पुकारलं. "गरीब कामगाराच्या मातोश्रींच्या डोळ्यासाठी मंडळातर्फे मदत!" माझ्या हातात पाकीट दिलं, फोटो काढला, टाळ्या झाल्या. ऑपरेशन होऊन चार पैसे उरतील एवढी रक्कम होती. मला खरोखर रडू आलं. मंडपाच्या पायऱ्या उतरतोय तोवर आण्णा पावतीपुस्तक घेऊन खाली उभे.

"पावणं, एवढी रक्कम मिळाली. त्यातलं देवाला काय नको व्हय?"

मी पाकीट उघडून पुढं धरलं. त्यांनी दोन नोटा काढल्या, पावतीवर माझं नाव वळणदार अक्षरात घातलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

ऑपरेशन झालं. आईला दिसायला लागलं. फोनवर ती म्हणाली, "त्या देवमाणसाला माझा नमस्कार सांग बाबा." मी सांगितला. आण्णांनी दोन्ही हात जोडले, डोळे पुसले. "आईला म्हणावं, घोर करू नका. पोरगं हितं एकटं न्हाय."

ते अगदी मनापासून बोलत होते. म्हणून तर त्यांच्यावर धड रागावताही आलं नाही.