बदलीवरची बाई

“ए बदली, ऊठ तितून. खुर्च्या स्टाफच्या हायत.”

भरल्या हॉलमध्ये बापूराव असं बोलला आणि मी उठले. आमच्या सरकारी दवाखान्यात त्या दिवशी बदलाचं प्रशिक्षण होतं. बाहेरून आलेले साहेब सांगत होते, दवाखाना सुधारायचा तर डॉक्टरपासून सफाईवाल्यापर्यंत सगळ्यांचा सहभाग पाहिजे. कागदावर सफाईवाला बापूराव. पुढाऱ्याचा पुतण्या. त्याला सफाईची नोकरी चालते, झाडू चालत नाही. म्हणून त्याच्या जागी बदलीवर मी, माझ्याआधी माझी आई. पगार त्याचा, त्यातलं खरकटं आमचं. आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं म्हणतात. मला तर दिसत होतं, तरी दळत होते.

साहेबांचं सगळं मी दारात उभी राहून ऐकलं.

मग बदल आला. हजेरीला अंगठ्याचं यंत्र बसलं. कचऱ्याला रंगीत पिशव्या आल्या. बापूराव सकाळी बुलेटवर यायचा, अंगठा लावायचा, जायचा. पिशव्या मी बांधायचे, उघड्या हातांनी. हातमोजे स्टाफला. एकदा कापसाच्या बोळ्यांच्या पिशवीत कुणीतरी वापरलेली सुई टाकली होती. गाठ मारताना ती बोटात घुसली.

सिस्टरकडे पळाले. अशा वेळी एड्स होऊ नये म्हणून औषध लगेच सुरू करतात, हे दारातूनच ऐकलेलं. तिनं कपाट उघडलं, तेवढ्यात मोठे डॉक्टर आले.

“नोंद कुणाच्या नावानं करणार? ही बाई आपल्याकडे कामाला नाही.”

कपाट बंद झालं. अंगठा लावायला आलेला बापूराव हसला. “कावून घाबरती? तुमा लोकायची कातडी लई जाड असती.”

डॉक्टर नंतर नुसते ‘बघू’ म्हणत राहिले. मीही खुळी, थांबले. मी बीडच्या मोठ्या दवाखान्यात गेले तोवर औषधाची मुदत टळली होती. आता पुन्हा रक्त तपासायचंय. घरी माझी लेक अंगावर पिणारी. तेव्हापासून तिला जवळ घेतलेलं नाही. ती छातीकडे झेपावते आणि मी तोंड फिरवते. दूध दाटून येतं. मला भीती वाटते, आणि त्याहून जास्त संताप येतो.

बीडहून आल्यावर सकाळी यंत्रापाशी उभी राहिले. बापूरावानं अंगठा लावला. मी भरलेली पिशवी त्याच्या पायाशी ठेवली.

“घ्या. ड्युटी तुमची हाय.”

सगळा स्टाफ बघत होता. त्यानं पिशवीकडे पाहिलंसुद्धा नाही. हळूच म्हणाला, “तुला ह्याच गावात ऱ्हायचं हाय ना?”

आता संध्याकाळी त्याची गाडी वस्तीवरून सावकाश जाते. आमच्या दारासमोर थांबते, इंजिन चालू ठेवून. शेजारणी म्हणतात, जाऊन पाया पड.

पडणार नाही. रक्तात काय निघायचं ते निघो. हजेरीवर माझं नाव लागल्याशिवाय त्या दवाखान्यातला एक बोळाही मी उचलणार नाही. आणि माझ्या जागी वस्तीतली दुसरी कुणी निघाली, तर तिची वाट मी अडवीन.