परक्या फौजेचं पाकीट

हवालदार कृष्णातांना काही विचारलं की उत्तराची वाट पाहावी लागते, आणि माझ्यात तेवढा दम नाही. मी कऱ्हाडचा निवृत्त मास्तर, टपालाची तिकिटं अन् शिक्के मारलेली पाकिटं जमवायचं खूळ असलेला. कृष्णात शेजारच्या गावचे. उमेदीची वर्षं पलटणीत घालवून आता ऊस बघतात. आपली फौज शांतिसेना म्हणून श्रीलंकेत होती तेव्हा ते तिथं होते, आणि परत आले ते अगदी शेवटच्या जहाजातून.

गेल्या महिन्यात कोलंबोच्या एका संग्राहकानं अदलाबदलीत मला एक पाकीट धाडलं. कुणा हौशी माणसानं छापलेलं. कोपऱ्यात जहाज, नव्वद सालच्या मार्चमधला टपालाचा शिक्का, आणि इंग्रजीत एक ओळ: शेवटचा परका सैनिक देश सोडून गेला. मी हरखलो. त्या जहाजातल्या माणसाची सही मिळाली तर असं पाकीट दुसऱ्या कुणाकडे नसेल. तडक कृष्णातांचं घर गाठलं.

ओळीचा अर्थ सांगितला. त्यांनी विचारलं, परका म्हणजे कोण? मी म्हटलं, तुम्हीच. भांडण मिटवायला चाललात, असं सांगून त्यांना धाडलं होतं. मग ते गेल्याचा आनंद कुणाला झाला, आणि तो पाकिटावर कशाला छापला, हे त्यांना उमगेना. तिथल्या लोकांना आपली फौज नकोशी झाली होती, एवढं मी सांगितलं. पाकीट ठेवून जा म्हणाले.

आठवड्यानं गेलो, तर पाकीट देव्हाऱ्यात आणि चारी कोपऱ्यांना हळदकुंकू, लग्नपत्रिकेला लावतात तसं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डाग पडलेल्या पाकिटाला कोण विचारतो? त्यांच्या पत्नी लीलाबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "आमचं ह्ये घरला निघालं, त्यो दिस हाय ह्यो. असला शुभ कागद कोरा ठेवत्यात व्हय?"

चूक म्हणावं तर बाईंचं खरं होतं, बरोबर म्हणावं तर माझं पाकीट गेलं होतं. निदान सही तरी पदरात पडू दे, म्हणून पेन पुढं केलं.

कृष्णातांनी पेन कागदावर टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. मग पलटणीतल्या जोडीदाराबद्दल, आटपाडीच्या धुळाबद्दल बोलू लागले. दोघं एका तंबूत झोपायचे, एका ताटात जेवायचे. धुळा तिथं सुरुंगाच्या स्फोटात गेला. तिथंच त्याला अग्नी दिला. त्याच्या बायकोकडे, हरणाबाईकडे, त्याची ट्रंक तेवढी आली.

"गुरुजी, शेवटचा गेला आसंच ल्हिवलंय न्हवं?"

मी हो म्हटलं.

"धुळा तर तिथंच हाय की. मग ह्येच्याखाली सही कशी करू?"

पेन त्यांनी माझ्या हातात परत दिलं. मी टोपण लावलं आणि पाकीट होतं तिथं, देव्हाऱ्यात, परत ठेवलं.