डावं एकतीस, उजवं चौतीस

कटिंगमास्तरांना छापखान्यात कुणी आवडत नसे. तेही कुणाला आवडत नसत. दोन्ही बाजू समाधानी होत्या.

तेहतीस वर्षं ते एकाच मशीनपुढे उभे होते. कागदाची थप्पी सरकवायची, मापाला टेकवायची, वरून दाब आणायचा, दोन्ही बटणं एकदम दाबायची. पातं खाली येई आणि वीतभर जाड थप्पी दुभंगे. मशीन जुनं होतं. पलीकडून फोल्डिंगवाली बाई कापलेल्या वह्या ओढून घेई. तिचे हात बाहेर आले की ती म्हणे, "सोडा." काही अडलं तर म्हणे, "थांबा." दिवसभर दोघांत एवढंच बोलणं. अकरा वर्षं त्यावर निभावलं होतं.

मग मास्तरांचे कान गेले. हळूहळू गेले. आधी पाखरं बंद झाली, मग दाराची बेल, मग बायकोचा आवाज. या शेवटच्याबद्दल त्यांनी तक्रार केली नाही.

एक दिवस बाई "थांबा" म्हणाली आणि पातं खाली आलं. हात वाचला. बाहीची कडा मात्र वह्यांबरोबर सुबक कापली गेली. बाईने ती दोन बोटांची चिंधी उचलली, मास्तरांच्या पुढ्यात ठेवली आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी बाह्या कोपरापर्यंत दुमडून आली.

छापखान्याचा मॅनेजर मास्तरांचा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. मास्तरांनीच त्याला इथे चिकटवलं होतं. तो चढत चढत काचेच्या केबिनमध्ये गेला. मास्तर केबिनसमोर मशीनपाशीच राहिले.

"भावजी, कानाला यंत्र लावा," मेहुणा म्हणाला. "नाहीतर फोल्डिंगच्या टेबलावर बसा."

"टेबलावर बसायला मी काय फाइल आहे?"

पण ते घाबरले होते. मशीनवरून उतरलेला माणूस परत चढत नाही, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांच्या आधीचा मास्तर असाच टेबलावर बसला. वर्षभर पानं मोजली आणि एक दिवस यायचाच बंद झाला. कुणी विचारलंही नाही.

यंत्रं आली. बोटाच्या पेराएवढी, करडी, एक डावं, एक उजवं, रात्री डबीत ठेवून चार्ज करायची. कुठल्याही स्मार्टफोनला जोडली की त्यांची बॅटरी त्या फोनवर दिसते, असं दुकानदाराने सांगितलं. मास्तरांचा फोन बटणांचा.

"तुमच्या त्या डब्यात काय दिसणार?" मेहुणा म्हणाला. "माझ्या फोनला जोडा. मी इथूनच लक्ष ठेवतो. दोन्हींतलं एक जरी तिसाच्या खाली गेलं, तर मशीनवरून उतरायचं. नियम म्हणजे नियम."

त्या दिवसापासून तो तासातासाला फोन उघडून ब्लूटूथची यादी बघे आणि केबिनच्या दारातून ओरडे, "भावजी, अठ्ठ्याऐंशी!"

छपाईवाला हसत विचारी, "मास्तर, शंभरी कधी?"

मास्तर मान वर करत नसत. आता सगळं ऐकू येतं, हीच मोठी पंचाईत होती.

तिसऱ्या दिवशी थप्पीला दाब दिला आणि त्यांच्या दोन्ही कानांत मालक बोलू लागले.

"निळं कव्हर सांगितलं होतं. हिरवं कसं छापलं? डोकं घरी ठेवून येता का?"

मास्तरांनी मागे पाहिलं. मालक नव्हते. काचेपलीकडे मेहुणा फोन कानाला लावून उभा होता. घामाघूम. "हो साहेब, हो साहेब," म्हणत होता. त्याच्या फोनमधून त्याला काहीच ऐकू येत नव्हतं, आणि मालकांना तसं सांगायची त्याची छाती नव्हती.

मास्तरांना उलगडायला दोन दिवस लागले. यंत्रं ज्या फोनला जोडलेली, त्या फोनचा आवाज यंत्रांत येतो. बॅटरी बघायच्या हौसेपायी मेहुण्याने आपला फोन मास्तरांच्या कानांत ओतला होता.

त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मेहुण्याने फोन दुरुस्तीला दिला. दुकानात, मास्तरांपासून लांब, तो ठणठणीत वाजला. परत आणला तर पुन्हा मुका. मेहुण्याने दुरुस्तीवाल्याला चोर म्हटलं, दुरुस्तीवाल्याने त्याला बहिरा म्हटलं. मास्तरांनी हे सगळं थप्पीच्या कडा जुळवत पाहिलं. तेहतीस वर्षांत छापखान्यात त्यांना इतकी मजा आली नव्हती.

एक गोष्ट मात्र त्यांनी पहिल्या दिवसापासून पाळली. कानात कुणी बोलू लागलं की बटणांवरून हात उचलायचे. दोन्ही हात वर, आवाज थांबेपर्यंत. कारण तेवढा वेळ पलीकडच्या बाईचं "थांबा" त्यांना ऐकू येणार नव्हतं.

"काय हो, मध्येच पुतळा का होतो तुमचा?" बाई वैतागून म्हणे.

मास्तर पुढची थप्पी सरकवत.

पण या मजेला एक भोक होतं. कानात फोन चालला की बॅटरी भराभरा उतरे. मालक वीस मिनिटं बोलले की दहाएक टक्के गेलेच. मेहुणा जितका फोनवर, तितके मास्तर तिसाच्या जवळ.

"चार वाजता एकेचाळीस? नीट चार्ज करत नाही तुम्ही," मेहुणा म्हणे. "एक दिवस सापडाल."

खरं कारण सांगितलं तर चोरून ऐकल्याचं कबूल करावं लागणार होतं. नाही सांगितलं तर मशीन जाणार होतं. मालकांचा घसा बसो म्हणून मास्तर मनोमन शिव्या देत राहिले.

तीन आठवड्यांनी तो दिवस आला. आदल्या संध्याकाळी चार्जरची पिन सैल बसली होती. सकाळचीच सुरुवात सदुसष्टवर झाली. मालक दुपारी मनसोक्त बोलले. त्यानंतर, बॅटरी चाळिसाच्या आत आलेली असताना, मास्तरांच्या कानांत त्यांची बायको बोलू लागली.

त्यांनी हात वर केले.

ती छापखान्याच्या वेळात भावाला फोन करून कंटाळली होती, कारण त्याला ऐकूच येत नसे. आता ती आवाज रेकॉर्ड करून मेसेज पाठवत होती.

"अरे ऐक. यांना त्या मशीनवरून उतरव. मी सांगितलं म्हणू नकोस, घर डोक्यावर घेतील. परवा मागून ट्रक हॉर्न देतोय आणि हे आपले रस्त्याच्या मधून चाललेत. मी हाताला धरून ओढलं, तर मलाच म्हणतात, हात सोड. घरी आले की यंत्रं काढूनच ठेवतात. उद्या त्या बाईची चार बोटं गेली, तर तुरुंगात डबा मी पोचवायचा का? तेहतीस वर्षं डबाच भरतेय."

मेसेज संपला. मेहुण्याला काही ऐकू आलं नाही. त्याने आवाज वाढवला आणि पुन्हा लावला. बायको पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, आणखी मोठ्याने. पुन्हा ट्रक, पुन्हा डबा. मेहुण्याने फोन झटकला, आवाज पार वर नेला, तिसऱ्यांदा लावला.

मास्तर मशीनपासून निघाले आणि केबिनचं दार ढकलून आत गेले.

"आवाज कमी कर. कान फुटतील माझे."

"काय?"

"तुझ्या ताईचा मेसेज. तीनदा ऐकला. तुला ऐकायचाय? अरे ऐक. यांना त्या मशीनवरून उतरव. मी सांगितलं म्हणू नकोस..." शेवटच्या डब्यापर्यंत त्यांनी सगळं म्हणून दाखवलं. केबिनचं दार उघडं होतं. छपाई थांबली होती.

मेहुण्याचा चेहरा कागदासारखा झाला. मग लाल झाला.

"तीन आठवडे माझे फोन चोरून ऐकताय?"

"चोरून? तूच आणून कानात घातलेस. बॅटरी त्यानेच उतरते. बघ किती आहे ती."

मेहुण्याने यादी उघडली. डावं एकतीस, उजवं चौतीस.

"एकतीस," मास्तर म्हणाले. "तिसाच्या वर आहे. मी माझ्या मशीनवर चाललो."

ते परत येऊन उभे राहिले. थप्पीला दाब दिला. पलीकडे बाईने एक अडकलेली वही सोडवायला हात आत घातला. मास्तरांचे अंगठे बटणांवर होते.

आणि कानांत ढोलाचा दणका बसला. गाणं. पूर्ण आवाजात. मेहुण्याने केबिनमध्ये उभं राहून मुद्दाम लावलं होतं. दोन टक्के काय, एका गाण्यात उतरतील.

मास्तरांनी हात वर केले.

बाईचे ओठ हलले होते. तिने हात बाहेर काढला आणि विचारलं, "मी आत्ता काय म्हणाले?"

"काय?"

"काय ऐकू येतंय तुम्हाला?" तिने कानाकडे बोट केलं.

"गाणं."

तिने काचेकडे पाहिलं. मेहुणा दोन्ही हातांत फोन धरून पडद्याकडे टक लावून होता. ती सरळ आत गेली. मास्तर मागोमाग गेले.

"बंद करा ते," ती म्हणाली. त्याने बंद केलं. "साहेब, माझा हात आत होता. मी थांबा म्हणाले, ते यांच्यापर्यंत पोचलंच नाही. यांनी हात उचलले म्हणून ही बोटं दिसताहेत."

"मला काय माहीत तुमचा हात..."

"नियम तुमचा. सुरक्षा तुमची. गाणंही तुमचंच." ती ओरडत नव्हती. "हा माणूस मला आवडत नाही. अकरा वर्षांत मला प्यायला पाणी हवंय का, असं एकदा विचारलं नाही. पण बोटं माझी आहेत. मशीनवर कोण राहील, ते आजपासून मी सांगणार. तुमच्या फोनमधून ती यंत्रं काढा आणि माझ्या फोनला जोडा."

"आणि तुमचे फोन आले की?"

"मला कोण फोन करतंय? आलाच, तर हे हात वर करतील. तीन आठवडे बघतेय मी. मला वाटलं, म्हातारा झाला."

मेहुण्याने मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी आणखी काय काय ऐकलंय, हे तो मनात मोजत असावा. खरं तर कव्हरांचे रंग आणि मालकांच्या शिव्या यांपलीकडे ऐकण्यासारखं काही नव्हतं. मास्तरांनी तसं सांगितलं नाही. मेहुण्याने यंत्रं आपल्या यादीतून काढली. बाईने आपल्या तडा गेलेल्या फोनवर ती जोडून घेतली.

तिने आकडा वाचला. "डावं एकोणतीस. उजवं तेहतीस."

मास्तर दारापर्यंत पोचले होते.

"मास्तर," ती म्हणाली, "उतरा."

"अहो, पण ते याने मुद्दाम..."

"एकोणतीस आहे. उतरा. उद्या भरून आणा, मग चढा."

मास्तरांनी पात्याला कुलूप लावलं. मग फोल्डिंगच्या टेबलावर जाऊन बसले आणि उरलेला दिवस पानं दुमडली. वाकडी दुमडली. बाईने एकेक परत त्यांच्यापुढे टाकली.

संध्याकाळी घरी बायको भाजी निवडत होती. भावाचं सगळं सांगून झालेलं दिसत होतं.

"तीनदा ऐकलं," मास्तर म्हणाले.

"मग? चौथ्यांदा सांगू? तोंडावर सांगते. घाबरते की काय!"

मास्तरांनी यंत्रं काढून डबीत ठेवली. पिन दोनदा दाबून पाहिली. सकाळी दोन्ही भरलेली हवी होती, त्यात तडजोड नव्हती. बायको बोलतच होती. ते तिच्यासमोर बसले आणि तिच्या ओठांकडे बघत राहिले. शब्द पाठ होते. ट्रक येऊन गेला. हात सोड येऊन गेलं. चार बोटांपाशी ती क्षणभर थांबली, तेव्हा डब्याचं वाक्य त्यांनीच म्हणून टाकलं.